अस्सल बरहुकूम नक्कल

गेल्या श्रावणात मामांच्या घरच्या माळ्यावरची पत्र्याची पेटी ओल लागली म्हणून खाली उतरवावी लागली, आणि तिच्या तळाशी, जर काळवंडलेल्या एका शेल्याच्या घडीत, माझ्या आजीने उभ्या आयुष्यात काढवून घेतलेले एकुलते एक छायाचित्र सापडले. पुठ्ठ्यावर चिकटवलेले, डाव्या कोपऱ्यात ओलीचा तपकिरी डाग पसरलेला; परंतु मधली आकृती स्वच्छ होती. सोळा वर्षांची मुलगी, नऊवारी लुगडे, दोन्ही खांद्यांवरून घेतलेला तोच शेला, अंबाड्यावर फुलांची वेणी, मान किंचित कललेली आणि नजर खाली, एका बाजूला. पाठीमागे साल होते, १९३१. ते मोठे करून भिंतीवर लावावे म्हणून मी एका दुकानात नेले, तेव्हा पावतीवरील सूचनांच्या चौकटीवर बोट ठेवून दुकानदाराने विचारले की चेहरा उजळून, गाल नितळ करून आणि शेल्यात रंग भरून द्यायचा काय. मी होकार देता देता थांबले आणि चौकट कोरीच ठेवून परत आले. कारण ते छायाचित्र माझ्या आजीचे असले तरी मामांच्या आईचे होते, आणि त्यांचा हक्क माझ्या हक्काहून वडील होता.

मामांचे वय एक्याऐंशी. जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात उमेदवारीपासून सेवानिवृत्तीपर्यंत त्यांनी अडतीस वर्षे काढली, आणि कागदाच्या खरेपणाविषयी त्यांच्या मनात जी निष्ठा आहे ती त्या दप्तरातूनच आलेली आहे. आमचे बोलणे दुपारच्या चहाला सुरू झाले ते दिवेलागणीनंतरही चालू होते. त्यातले जे माझ्या मनात राहिले तेवढे येथे लिहिते.

मामा : चौकट कोरी ठेवलीस ते बरे केलेस. परंतु माझे म्हणणे त्याच्याही पुढचे आहे. हे चित्र भिंतीवर लावूच नये, अशी माझी इच्छा आहे. जिच्यासमवेत मी एकेचाळीस वर्षे एका छपराखाली राहिलो, ती बाई या कागदावर कोठेही नाही. ही मान पाहा, ही नजर पाहा, हा शेला सावरण्याची तऱ्हा पाहा. ‘मानापमाना’तली भामिनी अशी उभी राहत असे, ‘स्वयंवरा’तली रुक्मिणी अशी लाजत असे. म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस नावाच्या एका पुरुषाने स्त्री कशी असावी याची कल्पना केली, त्या कल्पनेला महाराष्ट्राने बालगंधर्व म्हणून डोक्यावर घेतले, आणि माझ्या आईने त्या कल्पनेबरहुकूम स्वतःला उभे केले. आमच्या विभागात नकलेवरून नक्कल देण्याची मुभा नव्हती. प्रत्येक वेळी दप्तरातून अस्सल काढावे लागे, आणि उतारा पुरा झाला म्हणजे तळाशी ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा लिहून नक्कल करणाराची आणि रुजवात घेणाराची, अशा दोन सह्या व्हाव्या लागत. या कागदावर मी रुजवातीची सही कशी करू? अस्सल मी पाहिलेले आहे, आणि ते याच्याशी जुळत नाही.

मी : मामा, तुमचे अस्सल तुम्ही १९४३ नंतर पाहिलेत, आणि तेही आई म्हणून. १९३१ साली ती तुमची आई नव्हती. चौदाव्या वर्षी सासरी आलेली, मोठ्या कुटुंबातली धाकटी सून होती. त्या घरात तिच्यापुढे स्त्रीत्वाचे जे नमुने होते ते सासूचे आणि विधवा आत्यासासूचे. गंधर्वांच्या नाटक कंपनीचा मुक्काम सांगलीस पडला तेव्हा घरातल्या बायकांबरोबर ती नाटकाला गेली, आणि स्त्रियांच्या बैठकीतून तिने पहिल्यांदा असे दृश्य पाहिले की एक स्त्री रुसते, हट्ट धरते, आपल्याला हवा तोच वर मागते, आणि हजार माणसे श्वास रोखून तिचे ऐकतात. ती स्त्री म्हणजे पुरुष होता, हे आजीला माहीत होतेच. सगळ्यांनाच माहीत होते. परंतु स्त्रीचे मन इतक्या सावकाशीने आणि इतक्या आदराने मांडलेले तिला दुसरीकडे कोठे पाहायला मिळणार होते? त्या काळच्या पुष्कळ स्त्रियांनी गंधर्वांचे लुगडे नेसणे उचलले, केसांची ठेवण उचलली, दागिने आणि फुले माळण्याची रीत उचलली. तुम्ही त्याला नक्कल म्हणता. मला त्यात पहिली निवड दिसते.

मामा : निवड म्हणण्याआधी दुसरे पर्याय काय होते ते सांग. समोर एकच वस्तू ठेवून ‘हवी ती घे’ म्हटले तर त्याला निवड म्हणत नाहीत. आणि यातला खरा अन्याय तुझ्या ध्यानात येत नाही. गंधर्वांच्या गाण्याविषयी माझ्या मनात अणुमात्र किंतु नाही. त्यांच्या ध्वनिमुद्रिका मी तरुणपणी इतक्या वेळा ऐकल्या की तबकडीवरचे ओरखडेसुद्धा मला पाठ झाले होते. परंतु ज्या देहाने बाळंतपण सोसलेले नाही, ज्या डोळ्यांत चुलीचा धूर गेलेला नाही, ज्या हातांनी पहाटे विहिरीचा रहाट ओढलेला नाही, त्या देहावर स्त्रीसौंदर्याचे मोजमाप ठरले, आणि ते मोजमाप घेऊन हजारो पुरुष नाटक संपल्यावर आपापल्या घरी गेले. घरी कोण होते? आईसारख्या पोरी होत्या. जी परीक्षा उत्तीर्ण होणे खऱ्या स्त्रीला शक्यच नव्हते, त्या परीक्षेचा अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने भरला.

या बोलण्यावर मला तात्काळ उत्तर सुचले नाही, आणि आजही ते पुरतेपणी सुचलेले आहे असे नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना म्हणून साळुंके नावाच्या तरुणास घ्यावे लागले, ही गोष्ट आपण चित्रपटाच्या बाल्यावस्थेतील एक मौज म्हणून सांगतो. परंतु हिंदुस्थानच्या पडद्यावरची पहिली पतिव्रता पुरुष होती, या वस्तुस्थितीकडे मामांनी पाहिले तसे मी पूर्वी कधी पाहिले नव्हते. मी देवघराकडे वळले.

मी : तुमच्या देवघरात शिसवी चौकटीत जी लक्ष्मी आहे, ती कोणत्या अस्सलावरून उतरवलेली आहे, मामा? राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, आणि जे दर्शन पूर्वी राजवाड्यातल्या एका तैलचित्रापुरते होते ते शिळाछापाने घरोघरी पोहोचले. त्याआधी आपल्या गावच्या देवीला काय रूप होते? कोठे शेंदराचा तांदळा, कोठे नारळ ठेवलेला कलश, कोठे पितळी मुखवटा. या चित्रांनी तिला चेहरा दिला, लुगडे दिले आणि गोरा रंगही दिला. आणि चित्र सोडा. संध्याकाळी तुकोबांचा अभंग म्हणताना तुम्ही डोळे मिटता, तेव्हा तुम्हाला कोण दिसते ते खरे सांगा.

मामा बराच वेळ बोलले नाहीत.

मामा : विष्णुपंत पागनीस दिसतात. कबूल करतो. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ सालचा, माझ्या जन्माच्या सात वर्षे आधीचा. पुढे तो आमच्या गावी तंबूत लागला तेव्हा आई मला घेऊन गेली होती. विष्णुपंत पडद्यावर आले की ती हात जोडी, आणि तिच्याकडे पाहून मीही जोडी. हेच पागनीस आधी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत, हे मला फार उशिरा कळले. कळले तरी डोळे मिटल्यावरचा चेहरा बदलला नाही. पण येथे एक भेद आहे, बाळ. तुकोबांचे मुख आपल्यापैकी कोणी पाहिलेले नव्हते. ती जागा रिकामी होती, आणि एका सात्त्विक माणसाने ती सात्त्विकपणाने भरली. आईचा चेहरा मात्र होता. रिकाम्या जागेवर बांधकाम करणे वेगळे आणि नांदत्या घरावर कब्जा करणे वेगळे.

मी : तो चेहरा तुम्हाला होता. तिला स्वतःला होता का? त्या वाड्यात आरसा कोठे होता, आठवते तुम्हाला?

मामा : फणेरपेटीतला. तळहाताएवढा. पुरुषांसाठी ओसरीवर एक होता, दाढीपुरता.

मी : तळहाताएवढ्या आरशात कपाळ दिसते, कुंकू दिसते, फार तर भांग दिसतो. वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत तिने स्वतःला तुकड्यातुकड्यांनीच पाहिले होते. डोक्यापासून पायापर्यंत, एक पूर्ण माणूस म्हणून, ती स्वतःला पहिल्यांदा भेटली ती या कागदावर. आता विचार करा, की छायाचित्रकाराने काळ्या कापडाखाली डोके घातले आहे, आणि ‘उभ्या राहा’ म्हणून सांगितले आहे. तिने उभे राहायचे कसे? घरात तिला वाकायला शिकवले होते, बसायला शिकवले होते, पदर सावरून भिंतीच्या कडेने निघून जायला शिकवले होते. चार माणसांसमोर आपल्यासाठी उभे राहायला कोणी शिकवलेले नव्हते. तेवढे एक तिने नाटकातून घेतले. उसने घेतले असेल. पण ते घेतले नसते तर त्या पडद्यासमोर एक लाजलेली, आखडलेली, अर्धी वळलेली मुलगी उमटली असती, आणि तिला तुम्ही अस्सल म्हटले असते काय? मला वाटते, तिच्यातले एक अस्सल तेव्हाच जन्माला आले. पुढे १९३७ साली ‘कुंकू’त शांता आपट्यांची नीरा म्हाताऱ्या नवऱ्याला नवरा मानायचे नाकारते, ते पाहून ज्या बायका घरी आल्या त्यांपैकी किती जणींनी बंड केले हे कोणी लिहून ठेवलेले नाही, परंतु ‘नाही’ हा शब्द मोठ्याने उच्चारला तर कसा ऐकू येतो, एवढे तरी त्यांच्या कानांवर पडले.

मामा : मग हीच कैफियत तुझ्या मुलीच्या वतीनेही मांड. परवा ती येथे आली होती. खिडकीशी बसून त्या फोनवर स्वतःचे चित्र काढीत होती, पुसत होती, पुन्हा काढीत होती. मी मोजले; सव्वीस वेळा. तिचा आरसा तर तळहाताएवढा नाही?

माझी बाजू दुबळी होती ती येथेच, आणि ती मामांपासून लपवावी असे मला वाटले नाही. माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. तिच्या फोनमध्ये अशी योजना आहे की बोट फिरवले की नाक निमुळते होते, डोळे विशाल होतात आणि कातडीचा रंग दोन छटांनी उतरतो. आणि काही महिन्यांपूर्वी एका सकाळी मी तिला न्हाणीघरातल्या आरशासमोर उभी असलेली पाहिली, तेव्हा स्वतःच्या चेहऱ्याकडे ती ज्या निराशेने पाहत होती ती निराशा एखाद्या चुकलेल्या उताऱ्याकडे पाहताना कारकुनाच्या डोळ्यांत असावी तशी होती. तिच्या लेखी अस्सल फोनमध्ये होते आणि आरशात त्याची बिघडलेली नक्कल होती. हे पाहून मी तिला काहीच म्हणू शकले नाही, कारण १९८४ साली, माझ्या सोळाव्या वर्षी, माझ्याही दप्तरात वह्यांच्या मागे गोरेपणाच्या मलमाची नळी लपवलेली असे. तसली मलमे आमच्या लहानपणी बाजारात येऊन स्थिरावली होती, आणि दूरदर्शनवरच्या जाहिराती आम्हाला सांगत की सावळ्या मुलीला नोकरी नाही, स्थळ नाही, घरात किंमत नाही, आणि सहा आठवड्यांत ती उजळली की सारी दारे उघडतात. २०२० साली त्यांतल्या सर्वांत खपाच्या मलमाने आपल्या नावातला गोरेपणा काढून टाकला. माझ्या मनातला काढायला त्याहून अधिक काळ लागला. माझा रंग हा आजीचा रंग आहे. ती असेपर्यंत मी तिच्या मांडीवर झोपत होते, आणि तिच्याच रंगाची मला लाज वाटत होती.

मी : मुलीच्या वतीने मला तीच कैफियत मांडता येत नाही, मामा, आणि का येत नाही ते मी गेले काही महिने शोधते आहे. आजीने शेला घेतला, आणि छायाचित्र झाल्यावर शेल्याची घडी घातली, पेटीत ठेवली, आणि संध्याकाळच्या भाकरी थापायला बसली. जे उसने घेतले ते अंगावरून उतरवता येत होते. गंधर्वांनी तिला वस्त्र दिले, ढंग दिला, उभे राहण्याची रीत दिली. ‘तुझे नाक चुकले आहे’ असे काही सांगितले नाही. मला त्या मलमाने आणि माझ्या मुलीला त्या फोनने जे सांगितले ते वस्त्राविषयी नव्हते, कातडीविषयी होते. कातडीची घडी घालता येत नाही. शिवाय नाटक हे तिकीट काढून, चार बायकांच्या सोबतीने, मुक्काम पडेल तेव्हा पाहायचे होते. पुढच्या मुक्कामापर्यंत विसरायला अवधी होता, आणि घरी येताना वाटेत त्यावर चार शब्द बोलायला माणसे होती. माझी मुलगी रात्री अंथरुणात, एकटी, डोळ्यांपासून वीतभर अंतरावर ते धरून असते.

मामा : घडी घातली आणि विसरली, असे तू म्हणतेस. ते खरे नाही.

मामा उठले, देवघरातली समई थोडी मोठी केली आणि परत येऊन बसले. पुढचे त्यांनी माझ्याकडे न पाहता सांगितले.

मामा : तिच्या शेवटच्या आजारात तिने मला हे चित्र पेटीतून काढायला लावले. तेव्हा तुझी दहावीची परीक्षा होऊन गेली होती. तू येथे नव्हतीस. चष्मा मागितला, बराच वेळ पाहिले, आणि मला विचारले, ‘मी अशी दिसत होते, नाही का रे?’ उभे आयुष्य मी रुजवात घेण्यात घालवलेले. अस्सल आणि नक्कल यांत काना-मात्रेचा फरक असला तरी शाई लावून दाखवायची मला सवय. मी म्हणालो, ‘नाही, आई. तू अशी कधी दिसत नव्हतीस.’ मला सांगायचे होते की तू याहून चांगली दिसायचीस. पण तेवढे वाक्य पुरे करायच्या आत तिने चित्र माझ्या हातात दिले आणि कूस वळवली. नंतर ती नऊ दिवस होती. तो विषय निघाला नाही, आणि मी काढलाही नाही. मी हे चित्र भिंतीवर नको म्हणतो ते यासाठी.

चहा केव्हाच निवला होता. मी खोलीतला मोठा दिवा लावला आणि मामांच्या वाचनाच्या टेबलावरची भिंगाची काच आणली. एवढ्यासाठीच, की दोघांनाही कोठेतरी पाहायचे होते. छायाचित्र भिंगाखाली धरल्यावर मला प्रथम कपाळावर आणि गालांवर अतिशय बारीक रेघांचे जाळे दिसले. त्या काळी छायाचित्रकार निगेटिव्हच्या काचेवर टोकदार शिसपेन्सिलीने हात फिरवीत. काचेवर जेथे शिसे बसे तेथे कागदावर उजळ उमटे, आणि अशा रीतीने गिऱ्हाईकाच्या चेहऱ्यावरचे व्रण, सुरकुत्या आणि सावळेपणही कमी करून देण्यात येई. दुकानदाराने मला जे करून देऊ का म्हणून विचारले होते, ते १९३१ सालीच एकदा करून झालेले होते. मी तसे मामांना म्हटले. त्यांनी भिंग माझ्या हातून घेतले आणि चेहऱ्यावरून खाली सरकवले.

हातांपर्यंत तो कारागीर पोहोचला नव्हता. त्याला वेळ नसेल, किंवा हातांचे पैसे कोणी देत नसेल. शेल्याचे टोक धरलेले ते दोन्ही हात चेहऱ्याहून कितीतरी काळे होते, बोटांची पेरे जाड होती, आणि उजव्या मनगटाच्या वर, बांगड्यांच्या मागे, भाजल्याचा एक लांबट डाग होता.

मामा : हा तव्याचा. मला आठवतो तो पिकून पांढरा झालेला. येथे अजून ताजा दिसतो आहे.

त्यांनी पावतीची घडी उलगडून चित्राच्या वरच्या भागावर ठेवली, चेहरा झाकला आणि फक्त हातांकडे पाहत राहिले. मी जे निवडीविषयी आणि मुद्रेविषयी इतका वेळ बोलले होते, ते त्या हातांसमोर मला अपुरे वाटले. आणि मामांचे जे म्हणणे होते की ही बाई या कागदावर कोठेही नाही, तेही त्यांच्याच डोळ्यांदेखत खोटे ठरत होते. शेला गंधर्वांचा होता, पण तो धरलेला होता भाकरी थापणाऱ्या मुठीने. आणि ती मूठ सैल नव्हती, घट्ट होती. हवे ते हाती लागलेले माणूस धरते तशी.

काही वेळाने मामांनी पावती उचलली, चेहरा पुन्हा उघडा झाला, आणि त्यांनी मला लेखणी घ्यायला सांगितले.

मामा : सूचनांच्या चौकटीत लिही. डाव्या कोपऱ्यातील ओलीचा डाग काढावा. शेल्यात रंग भरू नये. हात जसे आहेत तसे ठेवावेत. उजव्या मनगटावरील डाग हा डाग नव्हे, तो काढू नये.

मी : आणि चेहरा?

मामा : चेहरा तिने पैसे देऊन असा करून घेतलेला आहे. मी त्याला एकदा नाही म्हणालो. आता मला किंवा दुकानदाराला त्यावर पेन्सिल फिरवायचा अधिकार नाही. तसाच ठेवावा म्हणून लिही. आणि प्रती दोन माग. एक तुझ्या मुलीला दे, भिंगासकट.

मी लिहिले. चौकट भरली तेव्हा मामांनी पावती स्वतःकडे ओढली, माझा मजकूर ओळीगणिक बोट ठेवून चित्राशी ताडून पाहिला, आणि तळाशी, जेथे गिऱ्हाइकाची सही करावयाची असते तेथे, थरथरत्या पण सुवाच्य मोडणीत सही करून तिच्याखाली लिहिले : रुजवात घेणार.